न घासायचा टाक

लग्नाआधी घरातले देव उजळून घ्यायचे, अशी नवापूरच्या कोळीवाड्यात रीत आहे. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे कुलदैवतांचे आणि घरातून गेलेल्या माणसांचे तळहातावर मावणारे चांदीचे पत्रे, सोनाराकडे न्यायचे, वर्षानुवर्षांचं काळं काढून आणायचं आणि मगच मांडवाला हात घालायचा. पण मंजुळाच्या सासूचा, नवसीचा, सोनारावर विश्वास राहिला नव्हता. मागच्या लग्नात उजळून आलेले टाक तिने हातावर तोलले होते आणि सोनाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती, "देव बाहेरगावी जाऊन बारीक होऊन आले गो आमचे."

म्हणून या वर्षी, मुलाच्या म्हणजे धर्मेशच्या लग्नाला पंधरा दिवस राहिले असताना, मंजुळाने टाकांचा स्टीलचा डबा पिशवीत घातला आणि कामावर आणला.

ती बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्याचं काम अकरा वर्षं करत होती. त्या प्रयोगशाळेची प्रमुख हेमांगी चुरी. एक्कावन्न वर्षांची, पालघरला एकटी राहणारी, कमी बोलणारी बाई. तिच्या टेबलावर पेनसुद्धा वाकडं पडलेलं नसे. तिला एकच नाद होता. कशाच्या तरी स्मरणार्थ पाडलेली जुनी पदकं ती जमवायची. राज्यारोहणाची, शाळांच्या शतकमहोत्सवांची, कुठल्याशा धरणाच्या उद्घाटनाची, महायुद्ध संपल्यावर शाळकरी पोरांना वाटलेली. प्रत्येक पदकाचं एक कार्ड होतं. धातू, व्यास, वजन, वर्ष, आणि शेवटचा रकाना, 'कुठून आलं'. हा रकाना रिकामा असलेलं पदक ती घेतच नसे. कुणाच्या छातीवरून कुणाच्या हातात आलं हे माहीत नसेल तर तो नुसता धातूचा तुकडा, असं ती म्हणायची.

"मॅडम, तुमी ते बिल्ले धुता ना घरी," मंजुळा म्हणाली, "तसे आमचे देव धुवून द्याल?"

"बिल्ले नाहीत, पदकं. आणि मी ती धूत नाही. जुनी पदकं घासायची नसतात."

"मग देव घासा. तुमच्या हातात दिले म्हणजे सासूला, आमच्या आयला पण घोर नाय. मी तिला सांगितलंय, आमच्या मॅडमचा काटा कधी खोटं बोलत नाय."

हेमांगीला हसू आलं. डब्याचं झाकण उचलून मंजुळाने एक टाक वेगळा दाखवला. बाकीचे चार पातळ, काळे पडलेले होते. हा पाचवा गोल आणि जाड, शेंदराच्या थरात पुरता बुडालेला.

"हा मोठा टाक. आज्याचा. माझ्या सासऱ्यांचा आजा. याला घासायचं नाय. वरची धूळ तेवढी पुसायची. आयने दहादा बजावलंय."

"नाही घासणार," हेमांगी म्हणाली.

रविवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला आणि चारही टाक चांगले उजळले. खंडोबाच्या घोड्याचे पाय मोकळे झाले, देवीच्या हातातलं त्रिशूळ दिसायला लागलं. मग तिने मोठा टाक उचलला आणि तिचा हात थबकला. पत्रा नव्हताच तो. पत्र्याचा टाक हातात हलका लागतो, हा नाण्यासारखा भरीव होता. कड हाताला अखंड गोल लागत होती, आणि वरच्या बाजूला, जिथे कधीतरी कडी असणार, तिथे तुटल्याची खूण. तिने भिंग लावलं. मागच्या बाजूला शेंदराचा एक टवका उडाला होता. त्यातून १९३५ मधले शेवटचे दोन आकडे दिसत होते.

इथे थांबता आलं असतं. नंतर तिने कितीदा तरी मनाशी हा हिशेब मांडला, आणि प्रत्येक वेळी उत्तर हेच आलं, की इथे थांबता आलं असतं.

तिने द्रावकात कापूस भिजवला आणि मागची एवढीशी जागा पुसली. मग आणखी एवढीशी. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, सुकणाऱ्या तेलात खलला की तो दगडासारखा घट्ट होतो, हवा आणि पाणी दोन्ही अडवतो. जहाजांच्या लोखंडाला पहिला हात त्याचाच देतात. त्या थराखाली नव्वद वर्षं पदकाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. पापुद्रा कडेने सुटत गेला आणि खालून मुकुट घातलेला दाढीवाला राजा आणि त्याच्यामागे राणी, दोघं एकाच दिशेला तोंड करून, अशी बाहेर आली की राणीच्या मुकुटातला खडा न् खडा मोजता यावा. पंचम जॉर्जच्या राज्याच्या पंचविशीचं चांदीचं पदक. त्या वर्षी ते छोट्या-मोठ्या सरकारी नोकरांनाही मिळालं होतं. तिच्याकडे तेच पदक होतं, पण कुणीतरी जन्मभर खिशात वागवून राजाराणीची नाकं सपाट केलेलं. अकरा वर्षं ती चांगल्याच्या शोधात होती.

शेंदूर निघताना डब्यातून येणारा एक उग्र, तेलकट वास जास्तच आला. तिला तो कळला. पण सुकवलेल्या बोंबिलांच्या घरातून आलेला डबा, त्याला वास येणारच, असं म्हणून तिने खिडकी उघडली आणि विषय सोडून दिला.

मग तिने स्वतःला जे जे समजावलं ते असं: ही माणसं एका परक्या राजाला आपला आजा समजून शेंदूर फासतायत. आणखी एक लग्न, आणखी एक थर, उद्या कुणी नवी सून चिंचेने घासून काढेल. पदक तेच, साचा तोच, चांदी तीच. देवाला काय, भावना महत्त्वाची. तिने दोन्ही पदकं तोलली. कडी सोडली तर फरक सात शतांश ग्रॅमचा. एवढा फरक तर देव्हाऱ्यातल्या हळदीचाही असतो.

तिने स्वतःच्या पदकाची कडी पकडीने तोडली आणि तो भाग कानसीने सारखा केला. जिने आयुष्यात एका पदकाला ब्रश लावला नव्हता तिने. शेंदूर बाजारातून आणला. मूळ थर इतका कडक होता म्हणजे तेल सुकणारं असणार, खोबरेल नव्हे, हे तिने बरोबर ओळखलं आणि चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून जवसाचं तेल घेतलं. आपल्या तर्काचा तिला थोडा अभिमानही वाटला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये साठ अंशांवर, नमुन्यांच्या शेजारी, एका काचेच्या तबकडीत ते पदक सुकत होतं. तबकडी नंतर मंजुळानेच धुतली. "कसला रंग हो हा, मॅडम? हटत नाय," असं म्हणाली आणि घासत राहिली.

मंगळवारी डबा परत गेला.

"किती झाले?" मंजुळाने विचारलं.

"वेडी आहेस का?"

"मग लग्नाला या. हळदीलाच या. आमच्याकडे हळद बघण्यासारखी असते."

शुक्रवारी भांडी लावून झाल्यावर मंजुळा टेबलापाशी येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत राहिली.

"काय झालं?"

"रागावू नका. आय म्हातारी झाली, डोळ्यांनी दिसत नाय तिला फार. काय पण बोलते."

"काय बोलल्या?"

"बोलते, हा आमचा आजा नाय." मंजुळा ओशाळून हसली. "नाकाला लावला आणि बोलली, याला वास नाय. धर्मेश बोलला, आजी, देवाला काय परफ्यूम मारायचा काय? तर त्याच्यावर धावली. मी सांगितलं तिला, मॅडमनी धुतला, वास गेला. जातो ना मॅडम, धुतल्यावर?"

हेमांगी म्हणाली, "जातो."

पंचवीस वर्षांत या प्रयोगशाळेत ती एकही चुकीचं विधान बोलली नव्हती. ते विधान इतकं सहज बाहेर आलं की तिलाच आश्चर्य वाटलं.

"तेच बोलते मी. माफ करा हां, तुमाला सांगायचं नव्हतं, पण उद्या ती लग्नात तुमच्यासमोर बोलली तर वाईट दिसंल."

"कसला वास म्हणतात त्या?"

"मोरीच्या तेलाचा. होडीला लावतो ना आमी, त्या माशाच्या तेलाचा. आज्याच्या टाकाला शेंदूर त्याच्यातच कालवतात. बाकीच्या देवांना खोबरेल, आज्याला मोरीचं. का ते मला पण मायत नाय, पयल्यापासून हाय."

मंजुळा गेल्यावर हेमांगी बराच वेळ समोरच्या कागदाकडे बघत बसली. माशाचं तेलही सुकतं. पुस्तकात आहे ते. ती स्वतः मासे खाणाऱ्या घरातली होती, पण सोमवार, गुरुवार वगळून. देव आणि मासे एका ताटात येऊ शकतात हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. नमुन्याने स्वतः होऊन तिला सांगितलं होतं, आणि तिने ते घराचा वास म्हणून खिडकीबाहेर घालवलं होतं.

तरी रविवारी ती निमेश शहाकडे गेली. पालघरला त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि दुकानाच्या माळ्यावर महिन्यातून एकदा चार-पाच हौशी संग्राहक आपापले डबे घेऊन जमत. निमेशने पदक उजेडात तिरपं धरलं आणि शीळ घातली.

"हेमांगीबेन, हे तर काल टांकसाळीतून सुटल्यासारखं आहे. कोणी घासलं नाही, हे नशीब! कुठून उचललंत?"

"एका घरातून," ती म्हणाली.

"घर कोणाचं? तुम्ही तर आमच्या मागे लागता, उगम लिहा, उगम लिहा."

"लिहायचं आहे अजून."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, घाबरू नका, आम्ही त्या घरावर धाड नाही घालणार. तीही हसली. घरी येऊन तिने कार्ड पुढे ओढलं. बाकीचे रकाने भरले होते. शेवटच्या रकान्यात तिने 'खासगी' असं लिहिलं, आणि तो शब्द तिला चिमट्याने उचलून टाकावासा वाटला.

सोमवारी मंजुळाच्या हातून एक पिपेट फुटली. अकरा वर्षांत तिसरी. तुकडे गोळा करायला ती खाली वाकली ती वर उठेचना. हेमांगी जवळ गेली.

"मंजुळा, हाताला लागलं का?"

"नाय." ती तशीच बसून म्हणाली. "आय बोलते, मी विकला. मी धर्मेशच्या लग्नासाठी नवी जोडवी केली ना चांदीची? बोलते, त्यात आटवला आज्याला. सगळ्या गावासमोर बोलली, नळावर. 'सून आज्याला पायात घालून फिरते.'" तिचा आवाज फुटला. "परवा हळद हाय. पोराला पयली हळद आईने लावायची. आय बोलते, जिने देव विकला तिचा हात लागता कामा नये, माझी जाऊ लावणार. ज्ञानेश्वरी. ती तर काय, टपलेलीच हाय."

"तुझा नवरा काही बोलत नाही?"

"तो आईपुढे कधी बोललाय? बोलतो, सांग ना बाबा खरं काय ते, मिटव. मी काय मिटवू?"

हेमांगीच्या तोंडून जे निघालं ते असं: "मी लिहून देऊ का? कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी. धुतल्यावर वास जातो म्हणून."

मंजुळाने मान वर केली. डोळे पुसत ती हसली, खरोखर हसली. "मॅडम, तुमी किती करता माझ्यासाठी. नको. ती कुठे वाचते."

ते वाक्य जिव्हारी लागलं. कुणी थोबाडीत मारली असती तर हेमांगीने ती कुठून आली ते तरी पाहिलं असतं. तिला वाटलं, आत्ता, इथेच सांगावं. आणि तिने काचेचे तुकडे उचलायला मंजुळाला सुपली आणून दिली.

बुधवारी अर्धी रजा टाकून ती नवापूर नाक्यावरून रिक्षात बसली. पर्समध्ये मऊ कापडाच्या बटव्यात पदक होतं. वाटभर ती वाक्यं जुळवत होती. गोंधळ झाला. दोन सारखी होती, अदलाबदल झाली. हे वाक्य चांगलं होतं. त्यात कुणाचंच काही गेलं नसतं. रिक्षा खाडीजवळून वळली, वाळत घातलेल्या बोंबिलांचा वास आला, आणि त्याच्या आतच कुठेतरी तो दुसरा, जड, तेलकट वास. ओढून ठेवलेल्या होडीच्या बुडाला एक म्हातारा चिंधीने तेल चोळत होता. हेमांगीने जुळवलेलं वाक्य टाकून दिलं.

मांडवात जात्यावर हळद दळणं चालू होतं. स्पीकरवर गाणी लागली होती. मंजुळा मांडवात नव्हती. ती घराच्या मागे, मोरीवर, पाहुण्यांच्या चहाचे कप धूत होती. नवी नऊवारी नेसून.

"आलात मॅडम!" ती उठली. "बसा, सरबत…"

हेमांगीने बटवा तिच्या ओल्या हातात ठेवला. मंजुळाने तो उघडला. लखलखीत पदकाकडे बघत राहिली. राजा, राणी. उलटून पाहिलं. तुटक्या कडीची जागा अंगठ्याने चाचपली.

"हा आमचा?"

"हो."

"मग देव्हाऱ्यात हाय तो?"

"तो माझा. मी बदलला. मला हा हवा होता."

नळ चालू होता. मंजुळाने तो बंद केला.

"मी तुमची माफी मागितली," ती म्हणाली. मोठ्याने नाही. "शुक्रवारी. आणि परवा मी तुमाला बोलले, किती करता माझ्यासाठी."

"मंजुळा…"

"तुमी बोललात, वास जातो."

"हो." मग हेमांगीने विचारलं, "तू आत नेऊन ठेवतेस का? सापडला म्हणून सांग. मी तो दुसरा…"

मंजुळाने पदक परत तिच्या हातात ठेवलं आणि तिची मूठ मिटवली.

"नाय. मला नळावर बोलली, गावासमोर. तुमी मांडवात बोला. आत्ता. मग मी हळदीला हात लावीन."

कुणीतरी स्पीकर बंद केला. पंधरा-वीस बायका, ज्ञानेश्वरी हळदीच्या ताटाशी, धर्मेश पाटावर बसायच्या तयारीत, आणि खांबाला टेकून खुर्चीत नवसी. वाळलेल्या सुरमईसारखी, नुसती हाडं आणि पांढरे झालेले डोळे. हेमांगीने भाषणं केली होती, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर तासतासभर बोलली होती. इथे तिने मूठ उघडून पदक नुसतं पुढे धरलं, मग बोलली.

"मंजुळाने टाक विकला नाही. तो मी घेतला. उजळायला दिला होता, त्यातून. त्याच्या जागी माझ्याकडचा ठेवला, वर शेंदूर लावून, कुणाला कळू नये म्हणून. तुमचा हा आहे."

मग मागून कुजबुज आली.

"ही बाय शिकलेली हाय ना?"

"म्हणून तर शेंदूर लावता आला. आपल्याला जमलं असतं?"

"गप बसा गो," नवसी म्हणाली. "धर्मेश, देव्हाऱ्यातला आण."

तिने दोन्ही मांडीवर घेतले. शेंदराचा नाकाला लावला, बाजूला ठेवला. मग उघडा लावला. खूप वेळ लावून ठेवला. दुसऱ्या बाजूने लावला.

"याला पण वास नाय," ती म्हणाली.

"मी धुतला," हेमांगी म्हणाली. "पूर्ण धुतला."

"मग हा आमचा कशावरनं?"

हेमांगीने मांडीवरच्या उघड्या पदकाकडे बोट केलं. "नाकं बघा," ती घाईने म्हणाली, "तुमच्या टाकावरची झिजलेली नाहीत. आणि वजन… दोघांत सात शतांशाचा फरक आहे, मी लिहून ठेवलंय."

"कुठे?" मंजुळाने विचारलं.

"माझ्या वहीत."

"तुमच्याच वहीत ना," मंजुळा म्हणाली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"आजी, तसा पण तो राजाच हाय," धर्मेश मध्ये पडला. "इंग्रजांचा राजा. नेटवर हाय. आज्याचा फोटो थोडाच हाय तो."

"मला मायत हाय राजा हाय ते!" नवसी कडाडली. "मला काय वेडी समजतोस? माझ्या सासूने सांगितलं मला, मी हळदीच्या अंगाने या घरात आले तेव्हा. आजा सरकारी होडीवर तांडेल होता, खलाशांचा म्होरक्या. हा मिळाला तर गळ्यात बांधून फिरायचा, काळ्या दोऱ्यात. लोक हसायचे, राजा गळ्यात घालून मासे विकतो बोलायचे. मग होडी उलटली. पाचव्या दिवशी आला किनाऱ्याला. तोंड नव्हतं. मासळीने खाल्लं. आजीने या राजावरनं ओळखला, आमचा हाय म्हणून." तिने श्वास घेतला. "त्याच्या अंगावरचा हा. त्याच्या होडीचं तेल लावतो आमी त्याला, तिथल्या मडक्यातलं. मग घरी आल्यासारखं वाटतं त्याला. राजाचं काय घेऊन बसलास."

कुणाच्या छातीवरून कुणाच्या हातात. हेमांगी आपल्या कार्डाचा शेवटचा रकाना डोळ्यांसमोरून हलवू शकली नाही. ज्या एका पदकाचा उगम एका मृत माणसाच्या गळ्यापर्यंत जात होता, तो तिने कापसाने पुसून, कापूस कचऱ्यात टाकला होता.

"हाच तुमचा आहे," ती म्हणाली. "मी खरं सांगते."

"सांगत असशील," नवसी म्हणाली. "आता दुसरं आहे काय माझ्यापाशी? तुझा शब्द. आणि तू तर ही अशी."

तिने बोटाने दोन्ही पदकं एकमेकांवर ठेवली, मग वेगळी केली. "दोन्ही राहू दे इथे. तू तुझा मागणार?"

"नाही."

"मागितलास तरी देणार नव्हते. दोघांपैकी एक तो हाय ना, बस. ज्ञानेश्वरी, मडकं आण. हिच्या हातात दे."

काळं पडलेलं मडकं आलं. शेंदराची पुडी आली. हेमांगी जमिनीवर बसली, पर्स मागे सरकवली आणि तळहातावर शेंदूर घेऊन त्यात तेल ओतलं. वास नाकातून थेट घशात उतरला. तिने आधी उघडं पदक माखलं. राणीच्या मुकुटातला एकेक खडा बुजत गेला, मग दाढी, मग १९३५. मग दुसरं, तिच्या जवसाच्या थरावरून. कुणी चमचा दिला नाही, कापूस दिला नाही. बोटांनीच माखावं लागलं, आणि सगळ्या बायका बघत होत्या, तेल पुरतं लागलं की नाही ते.

नवसीने दोन्ही नाकाला लावले. "हां," ती म्हणाली. मग मोठ्याने, मांडवभर ऐकू जाईल असं: "मंजुळा! किती वेळ कप धुते? पोरगा पाटावर खोळंबलाय."

मंजुळा पुढे आली. सासूच्या पाया पडली नाही, सासूनेही वाट पाहिली नाही. तिने ज्ञानेश्वरीच्या हातून ताट घेतलं आणि धर्मेशच्या कपाळाला, गालांना, खांद्यांना हळद लावली. पायांत नवी जोडवी वाजत होती. स्पीकर पुन्हा लागला.

हेमांगी उठून मांडवाच्या कडेला आली तेव्हा मंजुळा मागून आली. हात कोपरापर्यंत पिवळे.

"जेवून जा," ती म्हणाली.

"नको, मंजुळा."

"आलेल्याला जेवल्याशिवाय पाठवत नाय आमी," मंजुळा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता पुढे चालायला लागली. हेमांगी तिच्यामागून पंगतीला जाऊन बसली. डाव्या हाताने पदर सावरत, त्याच उजव्या हाताने जेवली. शेजारच्या बाईने एकदा वास घेतल्यासारखं केलं आणि तिच्या पानात भात वाढायला सांगितला.

घरी येऊन तिने दोन्ही कार्डं काढली. नवीन कार्डावरचा 'खासगी' खोडला आणि त्यापुढे लिहायला लागली: तांडेल, सरकारी होडी. पुढे नाव लिहायचं होतं. आज्याचं नाव तिला माहीत नव्हतं. तिने ते कुणाला विचारलंच नव्हतं. कार्डाच्या कडेला तिच्या अंगठ्याचा तांबडा, तेलकट ठसा उमटला.

लग्नाची रजा संपवून मंजुळा पुढच्या बुधवारी कामावर आली. वहीत सही केली, ॲप्रन चढवला, भांड्यांचा ट्रे उचलला. "गुड मॉर्निंग, मॅडम," नेहमीसारखंच म्हणाली. नेहमीसारखं म्हणजे अगदी नेहमीसारखं, त्यात कमी-जास्त काही नव्हतं, आणि पुढे लग्नाची एकही गोष्ट नव्हती.

साडेअकराला हेमांगी बेसिनपाशी गेली. सकाळपासून तिसऱ्यांदा. साबण, मग भांड्यांचा द्रव साबण, मग थोडा सोडा. शेजारच्या नळावर मंजुळा बीकर विसळत होती. तिने एकदा तिरपं पाहिलं. हेमांगीने बोटं नाकापाशी नेली आणि पुन्हा नळाखाली धरली.

"नाय जाणार, मॅडम," मंजुळा म्हणाली. "पंधरा दिवस तरी राहतो तो."

आणि तिने विसळलेला बीकर उजेडाकडे धरून, डाग राहिला नाही ना ते पाहून, उपडा ठेवला.